ब्रिज मोडतो कुठे?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही दातांच्या दवाखान्यात ब्रिजची बोलणी साधारण एकाच वळणाने जातात. डॉक्टर विचारतात, ‘मेटल-सिरॅमिक लावू की झिर्कोनिया?’ पेशंट विचारतो, ‘वॉरंटी किती वर्षांची?’ कनेक्टरबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मला मात्र वर्षानुवर्षं कुतूहल आहे ते त्याचंच. मधला टांगता दात आधाराच्या दातांना जिथे जोडलेला असतो, तो हा काही चौरस मिलिमीटरचा सांधा.

शंभरी ओलांडलेला कल्याणचा पत्रीपूल २०१८मध्ये पाडला, तोवर त्याच्या धोकादायक होण्याची चर्चा बरीच झाली होती. पोलाद वाकतं, गंजतं, आधी कळवतं. दातांच्या ब्रिजमधलं सिरॅमिक तसं काही कळवत नाही. ते दाब भरपूर सोसतं, ताण मात्र फारसा नाही. कडक चकली चावली की कनेक्टरची वरची बाजू दबते आणि हिरडीकडची ताणली जाते. तडा सुरू होतो तो तिथूनच. आणि दात सुटे, खरे दिसावेत म्हणून लॅबमध्ये नेमकी त्याच बाजूची फट खोल, टोकदार कोरली जाते! रुंदी तेवढीच ठेवून कनेक्टरची उंची निम्मी केली, तर ताण चौपट होतो. एकाऐवजी दोन दात टांगले, तर वाक सुमारे आठपट.

मटेरियलचा प्रश्न इथे येतो. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकची ताकद साधारण ४०० मेगापास्कल. त्याला १६ चौरस मिलिमीटरचा कनेक्टर लागतो आणि ब्रिज उपदाढेपलीकडे नेता येत नाही. नेहमीच्या झिर्कोनियाची ताकद हजाराच्या आसपास, म्हणून तीन दातांच्या ब्रिजला दाढेतही ९ चौरस मिलिमीटर चालतात. झिर्कोनिया दुपटीहून ताठही आहे. ताठ वस्तू भार स्वतःवर ओढून घेते. कनेक्टरमधला ताण वाढतो, सिमेंटवरचा कमी होतो. त्यामुळे नुसता ताणाचा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. तो ताकदीशी ताडून पाहायचा.

झिर्कोनियाच्या या ताकदीचं मूळ १९७५च्या ‘नेचर’मधल्या एका छोट्या लेखात आहे. ऑस्ट्रेलियातले रॉन गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांचा. शीर्षक ‘सिरॅमिक स्टील?’, प्रश्नचिन्हासकट. तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाजवळचे झिर्कोनियाचे कण रूप बदलतात, चार-पाच टक्के फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. पुढे जाहिरातींनी पोलाद उचललं, प्रश्नचिन्ह टाकून दिलं.

ते का ठेवायला हवं होतं, हे २००१मध्ये कळलं. फ्रान्समधल्या एका कंपनीचे खुब्याच्या सांध्यात बसवलेले झिर्कोनियाचे गोळे शेकड्यांनी फुटले. झिर्कोनिया तोच होता, फक्त भाजण्याची भट्टी बदलली होती. कणांचं रूप तड्याची वाट न पाहता, शरीरातल्या ओलाव्यानेच बदलत गेलं. दातांच्या धंद्याने या प्रकरणाची पुरेशी धास्ती घेतली असं मला वाटत नाही.

शिवाय ‘झिर्कोनिया’ या एका नावाखाली आता बरंच काही विकलं जातं. पुढच्या दातांसाठी पारदर्शक हवा म्हणून झिर्कोनियात मिसळलेल्या इट्रियाचं प्रमाण तीनवरून पाच टक्क्यांवर नेतात. दात सुंदर दिसतो, पण कणांची ती फुगण्याची करामत जवळपास संपते आणि ताकद खूपच उतरते. लांब ब्रिजसाठी हा माल नव्हेच.

वर पोर्सलीनचा थर दिला तर वेगळी कटकट. झिर्कोनियातून उष्णता सावकाश जाते. भट्टीतून घाईने काढलं की ताण थरात अडकून बसतो आणि काही महिन्यांनी कपची उडते. खालचा सांगाडा शाबूत. म्हणून दाढेला थराविना, अख्ख्या झिर्कोनियाचाच ब्रिज करावा या मताचा मी आहे. मात्र बसवताना ‘उंच लागतोय’ म्हटल्यावर त्यावर पाण्याशिवाय घासायचा जाडाभरडा बर फिरवला की पृष्ठभागावर बारीक तडे पडतात. बारीक बर, भरपूर पाणी, आणि मग पॉलिश. त्या खुर्चीवर बसलेल्याने पॉलिश झालं का, एवढं तरी विचारावं.