फोनला कुलूप, म्हणून खिशात चिठ्ठी



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते रात्रंदिवस जागे असतात. ट्रॅक्टर, अंगद गाड्या, बैलगाड्या आणि मोटारसायकलीवरून रात्रीची दारे धरायला निघालेले सभासद. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावा हे आम्ही दरवर्षी सांगतो, यंदाही सांगू. या वेळी मात्र वेगळा विषय मांडायचा आहे. एखादा माणूस रस्त्यात किंवा फडात बेशुद्ध सापडला, तर तो कोण, त्याला कसले औषध चालू आहे आणि घरी कोणाला कळवायचे, हे मदतीला आलेल्या परक्या माणसाला दोन मिनिटांत समजेल अशी सोय आपण केली आहे का?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "सगळे नंबर फोनमध्ये आहेत की!" आहेत, पण फोनला कुलूप आहे. इंग्लंडमध्ये २००५ साली बॉब ब्रॉची या रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्याने एक युक्ती सुचविली होती. घरच्या माणसाचा नंबर फोनमध्ये 'आयसीई' या तीन अक्षरांखाली साठवावा, म्हणजे 'संकटप्रसंगी यांना कळवा' हे शोधणाऱ्याला लगेच कळेल. युक्ती चांगली होती आणि जगभर पसरली. परंतु तेव्हाचे फोन बहुधा उघडेच असत. आज बोटाच्या ठशाशिवाय फोन उघडत नाही, तेव्हा आत नाव कोणतेही असो, बाहेरच्याला त्याचा उपयोग नाही.

यावर उपाय फोनमध्येच असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' हा शब्द शोधावा, तिथे आजार, औषधे आणि घरचे नंबर भरता येतात. आयफोनमध्ये हीच सोय 'हेल्थ'मध्ये 'मेडिकल आयडी' नावाने आहे, आणि कुलूप असतानाही ती दिसावी यासाठीचे बटण चालू करावे लागते. मग फोन बंद असतानाच 'इमर्जन्सी'वर बोट ठेवले की ही माहिती बाहेरच्या माणसाला दिसते. घरात कॉलेजचे पोरगे असेल तर त्याचे हे पाच मिनिटांचे काम. भरून झाल्यावर फोनला कुलूप लावून शेजाऱ्याच्या हातात द्यावा आणि त्याला माहिती सापडते का ते पाहावे.

तरीही आमचा भर कागदावरच राहील. फोन फुटतो, चारीत पडतो, बॅटरी उतरते. खिशातले आधार कार्ड पत्ता सांगते, पण घरच्यांचा नंबर सांगत नाही. म्हणून पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद घ्या, ठळक अक्षरांत लिहा आणि प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवा. ट्रॅक्टरच्या टपात किंवा टूलबॉक्सवरही एक लावा, मात्र तेवढ्यावर विसंबू नका. माणूस दवाखान्यात जातो, ट्रॅक्टर रस्त्यावरच राहतो. बायकांच्या कपड्याला खिसा नसतो, त्यांनी कार्ड बटव्यात ठेवावे, पण बटवा बांधावर न ठेवता कमरेला असावा.

नंबर दोन लिहा, एक घरचा आणि एक भाऊबंद किंवा शेजाऱ्याचा. हल्ली फसवणुकीच्या भीतीने अनोळखी नंबर पुष्कळजण उचलत नाहीत. रात्री दोन वाजताही जो फोन उचलेल त्याचाच नंबर लिहावा, मग तो घरातला कर्ता नसला तरी चालेल.

रक्तगट लिहिण्याचा लोकांना फार उत्साह. लिहा, पण खात्री असेल तरच. रक्त चढविण्यापूर्वी दवाखान्यात ते तपासतातच. त्याहून मोलाची माहिती म्हणजे मधुमेह, फीट, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, एखाद्या औषधाचे वावडे. मधुमेहाचे उदाहरण घ्या. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेऊन माणूस उपाशीपोटी रानात राबला, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, झोक जातात, तो असंबद्ध बोलतो. येणारेजाणारे म्हणतात, "पिऊन पडलाय," आणि पुढे निघून जातात. साखर कारखान्याच्या सभासदावर साखरेवाचून ही पाळी यावी! शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी दिल्याने तो बहुधा लवकर सावरतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. 'मला मधुमेह आहे' हे तीन शब्द खिशात असले, तर दारुडा समजून कोणी टाकून जाणार नाही.

फवारणीच्या दिवशी आणखी एक पथ्य. विषबाधा झाल्यास उतारा कोणता द्यायचा हे औषधातल्या घटकावर ठरते. कोणत्या रानात, कोणते औषध मारायला चाललो ते घरी सांगून जावे. उसात शिरलेला माणूस बांधावरून दिसत नाही. डबा किंवा त्यावरचे लेबल रुग्णाबरोबर दवाखान्यात गेलेच पाहिजे.

मदत मागताना आपले शेतकरी गट नंबर सांगतात. १०८ ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ सालापासून आहे, ११२ वरूनही मदत मिळते, पण चालकाला गट नंबर काय कळणार? विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर गाव, वस्ती, जवळचा फाटा आणि तिथून किती अंतर, हे रंगाने लिहून ठेवावे. परगावचा सालगडीसुद्धा ते वाचून फोनवर सांगू शकेल.

परक्याच्या खिशाला हात लावायला लोक कचरतात, पोलिसांचे लचांड नको म्हणतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-क आले आहे. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यास स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. दोघांदेखत खिसा पाहावा, कार्ड काढावे आणि ते रुग्णाबरोबरच पाठवावे.

शेवटी तोडणी टोळ्यांविषयी. ही माणसे शेकडो मैलांवरून येतात आणि इथे त्यांना ओळखणारा एकटा मुकादम असतो. तोच टोळीबरोबर ट्रॉलीवर असला तर? म्हणून प्रत्येक तोडणी कामगाराच्या कार्डावर मुकादमाखेरीज गावाकडच्या माणसाचाही नंबर असावा. ज्यांच्या फडात टोळी उतरेल त्या सभासदांनी पहिल्या दिवशी कोयता चालू होण्यापूर्वी चिटबॉयला बरोबर घेऊन ही कार्डे लिहून द्यावीत. अनेकांना लिहिता येत नाही आणि नंबर तोंडपाठ नसतो, तो त्यांच्या फोनमधून आपणच उतरवून घ्यावा लागेल. मागील हंगामाची कार्डे असतील तर नंबर लावून पाहावेत, कारण सिमकार्डे बदललेली असतात.