त्र्याऐंशी दिवसांची दुरुस्ती

अमेरिकेत सगळं घड्याळाच्या काट्यावर चालतं, असा आपल्याकडे समज आहे. बऱ्याच अंशी तो खराही आहे. मागवलेली वस्तू सांगितलेल्या दिवशी दारात येते, डॉक्टरांची वेळ तीन महिने आधी ठरते आणि पाळली जाते. पण अपघातानंतर गाडी दुरुस्तीला गेली की हे घड्याळ बंद पडतं. परदेशात मुलं असलेल्या आपल्या अनेक घरांना हा अनुभव ऐकून माहीत असेल. उशीर नेमका कुठे होतो आणि अशा वेळी काय करता येतं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख.

मी मूळचा इंदूरचा. सध्या टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनो शहरात राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. २०२३च्या २४ ऑगस्टला सिग्नल तोडून आलेल्या एका गाडीने आमच्या गाडीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला धडक दिली. गाडीत मी एकटाच होतो आणि सुदैवाने कोणालाही लागलं नाही. पोलिसांच्या अहवालात चूक समोरच्याची आहे असं स्वच्छ लिहिलं होतं. गाडी टो करून गॅरेजमध्ये गेली आणि परत मिळाली १५ नोव्हेंबरला. मध्ये ८३ दिवस गेले. आमचं पहिलं बाळ नोव्हेंबरच्या मध्यावर येणार होतं, आणि घरात गाडी ती एकच.

इंदूरला गाडी बंद पडली तर रिक्षा आहे, स्कूटर आहे, शेजारच्या दादाची बाइक आहे. प्लेनोत किराणा दुकान तीन किलोमीटरवर, दवाखाना बावीस किलोमीटरवर. डॅलसला जाणारी रेल्वे पार्कर रोड स्टेशनावरून सुटते, पण त्या स्टेशनापर्यंत पोचायलाही गाडीच लागते. शिवाय त्या ऑगस्टात दुपारी पारा ४० अंशांच्या वर जात होता. अशा गावात गाडी नसणं म्हणजे घरातून पायच काढून घेतल्यासारखं होतं.

बाबा फोनवर म्हणायचे, "अरे, आपल्या उस्तादाने संध्याकाळपर्यंत ठोकून सरळ करून दिली असती." त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. आपल्याकडे उस्ताद स्वतः नुकसान बघतो, स्वतः भाव सांगतो, बाजारातून सुटा भाग आणवतो आणि स्वतःच बसवतो. म्हणजे निर्णय एका माणसाच्या हातात असतो. इथे तेच काम पाच-सहा जणांत वाटलेलं असतं, आणि प्रत्येक जण आपल्या आधीच्याची वाट बघत बसतो.

पहिली वाट विम्याची. चूक ज्याची, त्याच्या विमा कंपनीने खर्च द्यायचा हा नियम. पण त्या कंपनीला आधी आपल्या ग्राहकाचा जबाब हवा होता आणि तो ग्राहक फोन उचलत नव्हता. बारा दिवस गाडी गॅरेजच्या अंगणात नुसती उभी राहिली. टेक्सासमध्ये विमा कंपनीने अमुक दिवसांत उत्तर द्यावं अशी जी कायदेशीर मुदत आहे, ती मुख्यतः स्वतःच्या ग्राहकाच्या दाव्यासाठी आहे. समोरच्या पक्षाला ती तशी लागू होत नाही. हे कळल्यावर ५ सप्टेंबरला मी आमच्याच विम्याकडे दावा वळवला. आपल्या वाट्याचे ५०० डॉलर आधी आपण भरायचे, बाकी आपली कंपनी देते आणि नंतर दोन्ही कंपन्या आपसात हिशेब करतात. गाडी हलली ती यानंतर.

दुसरी वाट मंजुरीची. वरून पाहून केलेला अंदाज पहिल्यांदा मंजूर होतो. मग बंपर उतरवला की आतलं नुकसान दिसतं, त्याचा पुरवणी अंदाज बनतो, फोटो जातात आणि विमा कंपनीचा माणूस ते पाहून पुन्हा होकार देतो. तोवर गॅरेज स्क्रूलाही हात लावत नाही, कारण मंजुरीशिवाय केलेल्या कामाचे पैसे मिळतील याची खात्री नसते. आमच्या पुरवणीला आठ दिवस लागले.

तिसरी आणि सगळ्यात लांब वाट सुट्या भागांची. सप्टेंबर संपेपर्यंत फेंडर, हेडलाइट, बंपर सगळं आलं. अडलं ते एका तळहाताएवढ्या पट्टीवर. समोरच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार बंपरच्या आत ज्या ब्रॅकेटवर बसतं, ते ब्रॅकेट वाकलं होतं आणि नवं कुठेच शिल्लक नव्हतं. बाबांना हे पटेना. "पट्टीच ना? सरळ करा की."

इथे इंजिनियर म्हणून मला गॅरेजवाल्याची बाजू घ्यावी लागली. रडार एका अंशाने जरी तिरकं बसलं, तरी शंभर मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला सरकते. अमेरिकेतल्या महामार्गावर एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे एका अंशात अर्धी लेन चुकते. शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असं समजून गाडी भर वेगात ब्रेक मारू शकते किंवा खरोखर पुढे असलेली गाडी तिला दिसतच नाही. हातोडीने सरळ केलेली पट्टी डोळ्यांना सरळ वाटेल, पण एका अंशाची हमी हातोडी देऊ शकत नाही. पूर्वी बंपर म्हणजे पत्रा होता, आता त्याच्या मागे गाडीचे डोळे आहेत.

मग एवढीशी पट्टी मिळत का नाही? कारण वाहन उद्योग गेली कित्येक दशकं गोदामात माल साठवण्याच्या विरोधात चालतो. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, ही जपानी कारखान्यांतून जगभर गेलेली पद्धत. एरवी ती पैसा वाचवते, पण साखळीची एक कडी तुटली की पाठीशी साठा नसतो. १९ मार्च २०२१ला जपानमधल्या रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या चिप कारखान्यात आग लागली आणि जगभरच्या गाड्यांचं उत्पादन त्यात अडकलं, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या वेळी आणखी एक भर पडली. २२ सप्टेंबर २०२३ला अमेरिकेतल्या वाहन कामगार संघटनेने आपला संप वाढवून जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस यांच्या २० राज्यांतल्या ३८ सुटे भाग वितरण केंद्रांपर्यंत नेला. आमची गाडी त्या कंपन्यांची नव्हती. पण आमच्या गॅरेजमध्ये त्यांच्या गाड्या उघड्या पडून राहिल्या आणि त्यांनी अडवलेल्या जागेमुळे बाकीच्यांची रांगही मागे सरकली.

या सगळ्यात आमच्या विम्यातली भाड्याच्या गाडीची सोय ३० दिवसांपुरती होती. ती ४ ऑक्टोबरला संपली. पुढचे नऊ दिवस आम्ही ॲपवरून टॅक्सी बोलावून काढले. १३ ऑक्टोबरच्या रात्री साडेअकराला बायको म्हणाली, "बाळाची हालचाल संध्याकाळपासून जाणवत नाहीये." डॉक्टरांनी ताबडतोब यायला सांगितलं. ॲपवर टॅक्सी स्वीकारली जाई आणि दोन मिनिटांनी रद्द होई. असं दोनदा झालं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाचं दार वाजवलं. त्या गृहस्थांनी एक शब्द न विचारता किल्ली उचलली. पहाटे दोनला मॉनिटरवर बाळाचे ठोके ऐकले तेव्हा आम्ही दोघं आणि ते तिसरे, कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्याच दिवशी पदरच्या पैशाने भाड्याची गाडी घेतली, रोज ४५ डॉलरने. आणि गॅरेजला फोन करताना मी प्रश्न बदलला.

तोवर मी विचारत होतो, "गाडी कधी मिळेल?" त्याचं उत्तर "पुढच्या आठवड्यात बहुतेक" याखेरीज काही मिळूच शकत नाही. आमच्या कामातही ग्राहक विचारतो, सॉफ्टवेअर कधी तयार होईल, आणि आम्ही असंच काहीतरी सांगतो. खरं उत्तर मिळतं ते नेमकं काय अडलंय, कोणाकडे अडलंय आणि पुढची हालचाल कोणी करायची आहे, हे विचारल्यावर. मी गॅरेजकडून ब्रॅकेटचा पार्ट नंबर मागून घेतला. कंपनीच्या मुख्य गोदामात माल नसला, तरी एखाद्या गावच्या डीलरच्या फळीवर एखादा नग पडून असू शकतो. रोज जेवणाच्या सुट्टीत मी टेक्सास आणि आसपासच्या राज्यांतल्या डीलरच्या पार्ट्स काउंटरना फोन करायचो. नंबर सांगायचा, "आहे का?" एवढंच विचारायचं. २६ ऑक्टोबरला ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एक नग सापडला. गॅरेजने तो मागवला, विमा कंपनीने पाठवणीचा जादा खर्च मंजूर केला आणि ३१ ऑक्टोबरला पट्टी आली.

त्यानंतरही रंगकाम, मग रडार नव्याने जुळवून घेण्यासाठी डीलरकडची वेगळी रांग, असे पंधरा दिवस गेलेच. दरम्यान २ नोव्हेंबरला मुलगी झाली. भाड्याच्या गाडीतून दवाखान्यात गेलो आणि त्याच गाडीतून तिला घरी आणलं. शेवटी हातात आलेल्या बिलावर मजुरीचे तास लिहिले होते ३१. म्हणजे ८३ दिवसांत गाडीवर प्रत्यक्ष काम झालं ते चार दिवसांचं. बाकी सगळी वाट होती. कामगार आळशी नव्हते, कोणी फसवतही नव्हतं. पण साखळीतला प्रत्येक जण फक्त आपली कडी बघत होता. पूर्ण साखळी बघणारा एकच माणूस असतो, ज्याची गाडी आहे तो.

भाड्याचे ३३ दिवसांचे १,४८५ डॉलर आणि आमच्या वाट्याचे ५०० डॉलर मिळून १,९८५ डॉलर जानेवारीत समोरच्याच्या विमा कंपनीकडून परत मिळाले. आपली गाडी वापरता न आल्याची भरपाई चूक असलेल्या पक्षाकडून मागण्याचा हक्क टेक्सासचा कायदा देतो. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. पावत्या, कुठल्या दिवशी कोणाशी काय बोलणं झालं याची तारीखवार नोंद आणि पट्टी उशिरा आल्याचं गॅरेजचं पत्र, या तिन्हींच्या जोरावर ते पैसे मिळाले. जर्मनीत तर भाड्याची गाडी घेतली नाही तरी गाडीविना काढलेल्या दिवसांची भरपाई मागता येते. तिथे राहणाऱ्यांनी ही चौकशी जरूर करावी.

ज्यांची मुलं बाहेर आहेत किंवा जाणार आहेत, त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विमा घेताना भाड्याच्या गाडीची सोय किती दिवसांची आहे हे बघा. थोडे जास्त पैसे भरून ती वाढवता येत असेल, तर लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या घराने वाढवावी. टेक्सासमध्ये गॅरेज कोणतं हे आपण ठरवायचं असतं, विमा कंपनी त्याची सक्ती करू शकत नाही. निवडताना आधी विचारा की रडार-कॅमेऱ्याची जुळणी तुम्ही स्वतः करता की बाहेर पाठवता. विमा कंपनी उत्तरच देत नसेल, तर राज्याच्या विमा खात्याकडे फुकट तक्रार नोंदवता येते. आणि अपघाताच्या वेळी गाडीत बाळाची सीट असेल तर तिचाही दावा करा. मध्यम किंवा मोठ्या धडकेनंतर ती सीट बदलावी असं अमेरिकेचं रस्ता सुरक्षा खातंच सांगतं.

या यादीत न बसणारी एक गोष्ट राहते. नव्या गावात गेल्यावर पहिल्या महिन्यात निदान दोन शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या, मग ते तेलुगू असोत, मेक्सिकन असोत की आणखी कुणी. रात्री साडेअकराला उपयोगी पडेल असं कलम कुठल्याही पॉलिसीत नसतं.

आणि आईबाबांनो, मुलगा फोनवर म्हणाला की गाडी अजून आली नाही, तर "अजून नाही?" असं म्हणू नका. "कुठला पार्ट अडलाय?" असं विचारा. त्याला धीर येईल, आणि कदाचित पार्ट नंबर मागून घ्यायचं सुचेलही.