24 ओळींतल्या 2

पुण्यात लिनक्सच्या एका संध्याकाळच्या वर्गात दुसऱ्या रांगेतल्या ताईंनी कंट्रोल-ए दाबलं. फाइल सेव्ह झाली नाही. कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाऊन थांबला. कापडाच्या दुकानाचे हिशेब टॅलीत लिहिताना व्हाउचर पक्कं करायचं ते याच बटणांनी, आणि ती सवय वर्षानुवर्षांची. आता त्यांना सर्व्हर सांभाळायचं काम शिकायचं होतं आणि समोर नॅनो हा एडिटर उघडला होता.

"ताई, खाली बघा," सर म्हणाले. "पडद्यावर 24 ओळी. त्यातल्या 2 तुमच्यासाठी राखून ठेवल्यात."

त्या 2 ओळींत ^O म्हणजे लिहून ठेवा, ^K म्हणजे ओळ कापा, ^X म्हणजे बाहेर पडा, अशी यादी असते. ताईंनी वाचलं तसंच केलं: शिफ्ट धरून 6 दाबला, मग ओ. फाइलमध्ये दोन अक्षरं उमटली, बाकी काही नाही. इथे ^ म्हणजे कंट्रोलची कळ, हे त्या ओळींत कुठेच लिहिलेलं नसतं. नवशिक्यासाठी इतका विचार केलेल्या पडद्यावर एवढी एक गोष्ट राहून गेली आहे, आणि पहिल्या दिवशी ती बऱ्याच जणांना अडवते. शेजारच्या मुलाने कळ दाखवली, फाइल सेव्ह झाली.

24 हा आकडा जुना आहे. 1978 साली आलेल्या व्हीटी-100 टर्मिनलवर 24 ओळी मावत, प्रत्येकीत 80 अक्षरं. आजही कित्येक टर्मिनलच्या खिडक्या त्याच मापाने उघडतात. बिल जॉय यांनी 1976 मध्ये बर्कलीत व्हीआय हा एडिटर लिहायला घेतला, तेव्हा टर्मिनल इतकं संथ चाले की पडद्यावरचं प्रत्येक अक्षर महाग होतं. तिथे सूचनांना जागा मिळाली नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण नवखा माणूस व्हीआय उघडून टाइप करू लागला की अक्षरं उमटण्याऐवजी आज्ञा सुटतात: दोनदा डी दाबला की ओळच नाहीशी.

नॅनोचं कूळ वेगळं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 1989 मध्ये पाइन हा ईमेलचा प्रोग्राम आकाराला आला, तो कार्यालयीन कर्मचाऱ्यांना सहज वापरता यावा म्हणून. त्यातलं पत्र लिहायचं साधन म्हणजे पिको. पाइनच्या परवान्याच्या अटींमुळे डेबियनसारख्या मुक्त प्रणालीला तो तयार स्वरूपात वाटता येईना, म्हणून क्रिस अलेग्रेटा यांनी 1999 मध्ये पिकोसारखाच मुक्त एडिटर लिहिला. त्याचं आधीचं नाव टिप; त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीपासून होती, म्हणून 2000 च्या जानेवारीत तो नॅनो झाला. म्हणजे या 2 ओळींच्या मुळाशी कचेरीत काम करणारी माणसं आहेत. टॅलीवरून आलेल्या ताई इथे पाहुण्या नाहीत.

मागच्या बाकावरच्या एका मुलाला हे पटत नव्हतं. त्याच्या मते खरं काम विममध्ये, म्हणजे व्हीआयच्या सुधारित अवतारातच होतं, आणि या 2 ओळी वाया जातात.

"आल्ट-एक्स दाब, जातील," सर म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पडद्यावर त्या होत्या. व्हीआय पुढच्या आठवड्यात शिकवणारच, हेही त्यांनी सांगितलं, कारण काही सर्व्हरवर दुसरा एडिटरच नसतो. पण उबुंटू या लिनक्स प्रणालीवर नॅनो आधीपासून असतो, आणि 2020 च्या फेडोरा 33 पासून तिथेही आपोआप उघडणारा एडिटर व्हीआयऐवजी नॅनो झाला. मग त्याला कच्च्यांचा एडिटर का म्हणायचं?

ताई ज्या फाइलवर काम करत होत्या, ती सर्व्हरवर लांबून प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेची होती. फाइल बिघडलेली असताना सेवा पुन्हा सुरू करायला गेलं तर ती उठतच नाही, आणि नव्याने कुणाला आत येता येत नाही. म्हणून सरांनी आधी तपासणीची आज्ञा द्यायला लावली. उत्तर आलं: 34 व्या ओळीत अनोळखी पर्याय. कंट्रोल-ए ने कर्सर सुरुवातीला नेला होता, आणि शिफ्ट-6 ने उमटलेलं ^ आणि ओ तिथेच, रूट या सर्वाधिकारी खात्याच्या लॉगिनला मनाई करणाऱ्या ओळीच्या तोंडाशी चिकटून सेव्ह झालं होतं.

फाइल पुन्हा उघडली. आल्ट-जी, 34, एंटर. दोन अक्षरं खोडली. कंट्रोल-एक्स दाबल्यावर नॅनोने बदल ठेवायचे का विचारलं. ताईंनी वाय दाबण्याआधी ओळ पुन्हा एकदा वाचली. या वेळी तपासणीत काही निघालं नाही आणि सेवा सुरू झाली.

"सर, ओळींचे आकडे डावीकडे कायमचे दिसतील का? टॅलीत नोंद शोधायला नंबर असतो."

दिसतात. त्यासाठी घरच्या फोल्डरमध्ये नॅनोची सेटिंगची फाइल करायची आणि त्यात दोनच शब्द लिहायचे: सेट लाइननंबर्स. ताईंनी ती फाइलही नॅनोतच उघडली.