सात विश्वचषकांची मुंगी

26 नोव्हेंबर 2021. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते आणि अॅमेझॉनच्या जंगलात वसलेल्या मनाउस शहरात आदल्या रात्रीचे नऊ. मैदानात एकीकडे ब्राझीलचा महिला संघ, दुसरीकडे आपला. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलच्या देबिन्याने गोल ठोकला आणि आता एकूण किती गोल खायचे, याची मोजदाद माझ्या डोक्यात सुरू झाली. आठव्या मिनिटाला मात्र पंजाबच्या मनीषा कल्याणने प्रतिहल्ल्यात चेंडू जाळ्यात मारला. ब्राझील 1, भारत 1. तेवढी काही मिनिटं काय वाटलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी भारतीय फुटबॉल बघण्यात उमर घालवली आहे, त्यांना ते ठाऊक आहे. पुढे आपण 6-1 असे हरलो.

पण त्या रात्री स्टेडियममध्ये आलेली माणसं या निकालासाठी आलेली नव्हती. दुसरं सत्र उतरणीला लागल्यावर 8 क्रमांकाचा शर्ट घातलेली एक त्रेचाळीस वर्षांची बाई मैदानात उतरली आणि सगळं स्टेडियम तिच्यासाठी ओरडायला लागलं. मिराइल्देस मासिएल मोता. या नावाने तिला कुणी ओळखत नाही. ती फोर्मिगा, म्हणजे पोर्तुगीज भाषेत मुंगी. ब्राझीलसाठी तिचा हा शेवटचा सामना, आणि योगायोगाने तो आपल्याविरुद्ध. मनीषाचा विसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. ती जन्मली तेव्हा फोर्मिगाचे दोन विश्वचषक आणि दोन ऑलिम्पिक खेळून झाले होते.

फोर्मिगाचा हिशेब सांगायला सोपा आहे, पचायला अवघड. महिलांचा विश्वचषक 1991 मध्ये सुरू झाला. 2019 पर्यंत तो आठ वेळा झाला. त्यातला फक्त पहिला तिचा चुकला. महिला फुटबॉल ऑलिम्पिकमध्ये आलं 1996 ला, अटलांटात. तिथपासून लांबलेल्या टोकियोपर्यंत सात स्पर्धा झाल्या आणि सातही ती खेळली. पुरुषांच्या विश्वचषकात 2022 पर्यंत पाचाच्या पुढे कुणी गेलेलं नाही. ऑलिम्पिकचा तर प्रश्नच नाही, कारण पुरुषांच्या फुटबॉलला तिथे 1992 पासून तेवीस वर्षांची अट आहे आणि त्याहून मोठे खेळाडू मोजकेच घेता येतात. महिलांना अशी अट नाही. म्हणजे तिच्या विक्रमात पायांइतकाच नियमपुस्तकाचाही वाटा आहे. हे सांगितल्याने तिचं मोठेपण कमी होतं, असं मला वाटत नाही.

दीर्घ कारकीर्द म्हटलं की आपण लगेच आहार, व्यायाम, शिस्त यांवर येतो. ते असतंच. फोर्मिगा बचावफळीच्या पुढ्यात, मधल्या फळीत खेळे. ही जागा अनुभवाला मानवते. समोरचीचा पास कुठे जाणार हे आधी ओळखून तिथे उभं राहायचं, म्हणजे मागाहून धावायची वेळ येत नाही. चाळिशीनंतरच्या तिच्या सामन्यांत हे स्पष्ट दिसतं: ती क्वचितच घाईत असते, आणि चेंडू मात्र तिच्या पायाशी येऊन थांबतो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, 2021 मध्ये, पॅरिस सेंट-जर्मेनच्या महिला संघाने फ्रान्सची लीग पहिल्यांदा जिंकली. त्या संघात ती होती.

पण शरीर टिकणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा देशाकडे असतो, आणि फोर्मिगाच्या देशाचा इतिहास इथे फारसा अभिमानाचा नाही. 1941 मध्ये जेतुलियो वार्गासच्या सरकारने हुकूम काढून बायकांच्या ‘प्रकृतीला न मानवणारे’ खेळ त्यांना बंद केले. ही बंदी उठली 1979 मध्ये. फोर्मिगा जन्मली 3 मार्च 1978 ला, साल्वादोरमध्ये. म्हणजे पेलेच्या देशात तिचा जन्म झाला तेव्हा मुलींनी फुटबॉल खेळणं बेकायदा होतं. बंदी उठल्यावरही कौतुक लगेच आलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत राष्ट्रीय संघातल्या मुली पुरुषांचे उरलेले, खांद्यावरून ओघळणारे शर्ट घालून खेळत. 1995 मध्ये, सतराव्या वर्षी, ती स्वीडनमधल्या विश्वचषकाला गेली. ब्राझीलने यजमानांना हरवलं, मग जपानशी हरलं आणि शेवटी जर्मनीकडून सहा गोल खाऊन घरी परतलं.

त्यानंतरची पंचवीस वर्षं जवळजवळ जिंकण्याची आहेत. 2004 च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्य, 2008 मध्ये रौप्य, दोन्ही वेळा अमेरिकेकडून जादा वेळेत हार. 2007 च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत त्याच अमेरिकेला 4-0 असं लोळवलं आणि अंतिम सामना जर्मनीने नेला. 2016 ला घरच्या ऑलिम्पिकमध्ये, माराकानावर, स्वीडनने पेनल्टींवर बाहेर काढलं. त्या डिसेंबरात फोर्मिगाने निवृत्ती घेतली, तीही मनाउसमध्येच, त्याच स्टेडियमवर. मग 2018 मध्ये कोच वादाओने तिला परत बोलावलं. चाळिशीच्या खेळाडूला परत बोलवावं लागतं, यात तिची थोरवी आहे आणि नव्या पिढीची तयारी नसल्याची कबुलीही. 2019 मध्ये फ्रान्सकडून हरून ब्राझील बाहेर पडलं, त्या दिवशी तिचं वय 41 वर्षं 112 दिवस होतं. सामना संपल्यावर तिची संघसहकारी मार्ताने ओल्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघत नव्या मुलींना सुनावलं, की फोर्मिगा काही कायमची असणार नाही.

देशाकडे असलेला तो अर्धा भाग पुरुषांतही दिसतो. तिथे पाच विश्वचषकांची पहिली नोंद अंतोनियो कार्बाहालची. मेक्सिकोचा हा गोलकीपर 1950 ते 1966 खेळला. अकरा सामने, पंचवीस गोल खाल्लेले, आणि विजय एकच: 1962 मध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध 3-1, तोही त्याच्या तेहेतिसाव्या वाढदिवशी. त्या सामन्यातही पहिल्या सोळा सेकंदांत त्याच्यावर गोल झाला होता. एकही गोल न खाल्लेला त्याचा एकमेव सामना म्हणजे त्याचा शेवटचा, वेम्बलीवर उरुग्वेशी 0-0. मला मेस्सी-रोनाल्डोपेक्षा हा माणूस जास्त आवडतो. मेक्सिको हरत राहिला, पण दर चार वर्षांनी स्पर्धेला पोचत राहिला. म्हणून कार्बाहाल ‘पाच विश्वचषकवाला’ झाला.

पोचणं ही गोष्ट आपल्याकडे कशी घडत गेली, हे बघायचं तर इम्फाळला जावं लागतं. फोर्मिगा स्वीडनला गेली त्याच 1995 साली ओइनाम बेंबेम देवी पंधराव्या वर्षी भारताकडून आशियाई स्पर्धेत खेळली. तीही मधल्या फळीतलीच. तिची कारकीर्द 2016 मध्ये शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाने संपली. एकवीस वर्षं! पुढे अर्जुन पुरस्कार आला, 2020 मध्ये पद्मश्री आली. विश्वचषकाचे सामने शून्य, ऑलिम्पिकचे शून्य. मधे अशी वेळ आली, की भारताचा महिला संघ दीड वर्षाहून जास्त काळ एकही सामना खेळला नाही आणि 2009 मध्ये फिफाने त्याचं नावच क्रमवारीतून काढलं. बेंबेम तेव्हा एकोणतीस वर्षांची, मिडफिल्डरच्या ऐन उमेदीत. पण खेळायला सामना नव्हता. भारतीय महिला फुटबॉलमध्ये शंभर आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आकडा पहिल्यांदा गाठला आशालता देवीने, 2024 मध्ये. फोर्मिगा दोनशेच्या पुढे जाऊन थांबली होती.

मनाउसचा तो सामना आपल्यासाठी तयारीचा होता. दोन महिन्यांनी महिलांचा आशियाई चषक आपल्याच दारात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता आणि तिथून पुढे विश्वचषकाची वाट निघत होती. 20 जानेवारी 2022 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली. मग संघात कोरोना पसरला. 23 तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. सामना रद्द झाला, यजमान संघाने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं, आणि इराणशी झालेली ती बरोबरीसुद्धा गुणतक्त्यातून पुसली गेली.