लेखकाने सही करण्यापूर्वी

कथा कशी लिहावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. करारावर सही कशी करावी हे सांगणारा विरळा. आमचा जन्म कामगारांचे करार वाचण्यात गेला, म्हणून आम्ही तेवढेच सांगतो.

कथा लिहिली की तिचा हक्क आपोआप लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली वारले. त्यांच्या 'फकिरा'वरील हक्काची मुदत म्हणूनच २०२९ अखेरपर्यंत आहे.

हा हक्क तोंडी बोलीने दुसऱ्याकडे जात नाही. त्याला लेखी कागद व सही लागते. कागदात मुदत नसेल, तर कायदा ती ५ वर्षे धरतो. पण पहिल्या पुस्तकाच्या आनंदात 'कायमचा' या शब्दाखाली सही केली, तर ते संरक्षण गेलेच! तेव्हा मुदत, प्रती, मानधनाचा दर, भाषांतर व चित्रपट यांची कलमे निरनिराळी लिहून घ्यावीत. 'सर्व हक्क' असे दिसताच विचारावे : कोणते, किती काळ, कोणत्या मोबदल्यात?

मजूर दिवसाचे काम विकतो, हात विकत नाही. लेखकानेही आवृत्ती द्यावी. कथा आपल्याकडे ठेवावी.