वजावटीचा रकाना

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागाच्या अगदी टोकाला, जिथपर्यंत पोहोचेतो बाहेरच्या गर्दीचा कोलाहल बराचसा विरलेला असतो अशा एका लहानशा खोलीत, मी एक संपूर्ण आठवडा डॉक्टरांच्या टेबलाच्या बाजूला खुर्ची घेऊन बसलो होतो. त्या टेबलावर ज्या दोन वस्तू मी नित्य शेजारी शेजारी पाहिल्या, त्यांपैकी एक होती डॉक्टरांचा मोबाइल फोन आणि दुसरी होती रोग्यांच्या घरून येणारी वही. फोनमध्ये अफूजन्य वेदनाशामकांच्या मात्रांचा हिशेब करून देणारे एक ॲप होते. वहीत त्याच मात्रांचा घरच्या माणसांनी ठेवलेला जमाखर्च होता. या दोहोंच्या मधल्या जागेत डॉक्टर जे काही करीत असत ते पाहिल्यावाचून त्या ॲपची योग्यता आणि त्याची मर्यादा, या दोन्ही गोष्टी मला कळल्या नसत्या.

ही खोली परिहारसेवेची. रुग्णालयातली माणसे तिला ‘पॅलिएटिव्हची ओपीडी’ म्हणतात. येथे येणारे बहुतेक रोगी कर्करोगाचे, आणि त्यांतही असे की ज्यांचा रोग आता हटण्याजोगा राहिलेला नाही, परंतु ज्यांची वेदना मात्र निश्चित हटण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली या वेदनेच्या उपचाराची जी पद्धत घालून दिली, तिचे सार असे की औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, सौम्यापासून तीव्रापर्यंत पायरीपायरीने चढत जावे, आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता ते घड्याळाबरहुकूम द्यावे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती दर चार तासांनी घ्यायची, मध्यरात्रीनंतर झोपमोड नको म्हणून निजताना दुप्पट घ्यायची, आणि मधूनच कळ आली तर दिवसभराच्या मात्रेच्या साधारण एक-षष्ठांश इतकी जादा गोळी द्यायची. नियम म्हणून हे सोपे आहे. अवघडपणा सुरू होतो तो एक औषध सोडून दुसऱ्यावर जाण्याची वेळ येते तेव्हा.

खोलीच्या एका भिंतीला लोखंडी कपाट होते. त्याला दोन कुलपे, आणि किल्ल्या दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या हवाली. कपाटाजवळच्या नोंदवहीत आवक, जावक आणि शिल्लक यांचे रकाने पाडलेले, आणि एक गोळीसुद्धा सहीवाचून हलायची नाही, असा तिथला शिरस्ता. ज्या अफूपासून हे मॉर्फिन निघते, तिची लागवड आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याखाली होते आणि तिच्यावरची प्रक्रिया नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत होते. तरीही कित्येक वर्षे याच देशातल्या रोग्याला मॉर्फिनची गोळी दुर्मिळ होती. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली राज्याराज्यांत परवान्यांचा जो पसारा वाढला, त्यापायी रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले, आणि डॉक्टरांच्या एका सबंध पिढीने विद्यार्थिदशेत मॉर्फिनची चिठ्ठी लिहिलेली पाहिलीही नाही. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारखी सहा औषधे ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढण्यात आली, आणि अनेक परवान्यांच्या जागी संस्थेला एकच मान्यता पुरेशी ठरली. कपाट भरले, परंतु हात सरावलेले नव्हते. फोनमधल्या हिशेबनिसाची गरज किती खरी आहे, हे या इतिहासावरून ध्यानात यावे.

या ॲपची रीत समजण्यास कठीण नाही. निरनिराळ्या देशांच्या नाण्यांचा विनिमय करताना जसे एक नाणे प्रमाण मानतात, तसे येथे तोंडावाटे घेतलेले मॉर्फिन हे प्रमाण मानलेले असते. रोगी कोणते औषध, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या मार्गाने घेतो, ते भरायचे. प्रत्येकाला ठरलेल्या गुणकाने गुणून ॲप त्याचे मॉर्फिनमधले मोल काढते, सर्वांची बेरीज करते, आणि विचारल्यास नव्या औषधातली समतुल्य मात्रा सांगते. कोडीनला सुमारे दहाव्या हिश्शाचे मोल. तेच मॉर्फिन त्वचेखाली टोचले तर तोंडावाटेच्या मात्रेच्या निम्मे किंवा तिसरा हिस्सा पुरे. फेंटॅनिलच्या पट्टीचे माप मात्र तासाला मायक्रोग्रॅम असे असते, आणि मिलिग्रॅम व मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचे अंतर असल्यामुळे दशांशचिन्हाची एक चूक प्राणाशी गाठ घालू शकते. सकाळपासून चाळीस रोगी तपासून थकलेल्या डॉक्टरांचा गुणाकार दुपारी चुकू शकतो. ॲपचा चुकत नाही. हा त्याचा गुण मी फार मोठा मानतो.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले, किंवा अधिक खरे सांगायचे तर आणले गेले. सूतगिरणीतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या घरातले; पौरुष ग्रंथीचा कर्करोग कण्यापर्यंत पसरलेला. गेले दोन दिवस ते सारखे पेंगत होते, आणि पेंगताना त्यांच्या हातापायांना बारीक झटके येत होते. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडे मंदावलेली दिसत होती. मॉर्फिनचे शरीरात विघटन होऊन जे पदार्थ बनतात ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात, आणि मूत्रपिंडे थकली की ते साचून नेमकी अशीच गुंगी आणि असेच झटके निर्माण करतात. तेव्हा मॉर्फिन सोडून फेंटॅनिलच्या पट्टीवर जाणे क्रमप्राप्त होते. आजोबांना वीस मिलिग्रॅमच्या गोळ्या, रात्रीची दुप्पट धरून, दिवसाला सहा चालू होत्या, आणि जादा गोळ्या रोज तीन. एकूण 180 मिलिग्रॅम. डॉक्टरांनी हे आकडे फोनमध्ये भरले आणि क्षणार्धात उत्तर आले: तासाला 75 मायक्रोग्रॅम. त्या उत्तराखालीच एक रकाना होता, वजावट किती टक्के धरायची ते विचारणारा, आणि तो ॲपने कोरा ठेवला होता.

त्या कोऱ्या रकान्यापाशी डॉक्टर थांबल्या. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि आजोबांसोबत आलेल्या आजींची वही जवळ ओढली. ती नातीच्या गणिताची चौकटीची वही होती. आजींना आकडे लिहिता येत नव्हते. म्हणून नेमाच्या गोळीला त्या एक उभी रेघ ओढत आणि जादा गोळीला फुली मारीत. फुल्या रोज तीन, आणि त्यांतल्या दोन बहुधा एकाच जागी, सकाळच्या पहिल्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे.

“आजी, ही फुली सकाळचीच का असते?” डॉक्टरांनी विचारले.

“अंग पुसायच्या आधी एक देते,” आजी म्हणाल्या, “आणि मग चादर बदलायला कुशीवर वळवायचं असतं, तेव्हा एक. एरवी पडून असले की दुखत नाही म्हणतात.”

एवढ्या एका उत्तराने सगळा हिशेब पालटला. हालचालीपुरती उसळणारी आणि हालचाल थांबताच शमणारी ही कळ दिवसभराच्या वेदनेत मोडत नव्हती. तिच्यासाठी घेतलेल्या दोन गोळ्या चोवीस तास झिरपणाऱ्या पट्टीच्या हिशेबात धरणे म्हणजे सकाळच्या अर्ध्या तासाच्या दुःखासाठी माणसाला अहोरात्र गुंगीत ठेवणे. डॉक्टरांनी 180 च्या जागी 140 लिहिले. ॲपने 75 च्या जागी 58 दाखवले. मग त्या वजावटीकडे वळल्या. शरीर एका अफूजन्य औषधाला सरावले, तरी त्याच कुळातल्या दुसऱ्याला ते तितकेच सरावलेले असते असे नाही. म्हणून समतुल्य मात्रेतून पाव ते निम्मा हिस्सा कमी करण्याचा प्रघात आहे. वय, मूत्रपिंडे, झटके आणि आजची गुंगी हे सर्व पाहून त्यांनी रकान्यात 50 भरले. उत्तर आले 29. त्याच्या खालच्या बाजूची, 25 मायक्रोग्रॅमची पट्टी काढावी, असे त्यांनी सिस्टरांना सांगितले, आणि केसपेपरवर निर्णयाबरोबर त्याची कारणेही ओळीने लिहून खाली सही केली.

पंचाहत्तरापासून पंचवीसापर्यंतचे हे अंतर गणिताच्या चुकीचे नव्हते. दोन्ही वेळी गणित बिनचूकच होते. पहिल्या वेळी ते एका बेरजेचे उत्तर होते आणि दुसऱ्या वेळी एका माणसाचे.

ज्या गुणकांवर ही सर्व ॲपे उभी आहेत, ते विनिमयाच्या दरांइतके पक्के नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांतले पुष्कळसे विसाव्या शतकाच्या मध्यास एकेका मात्रेवर केलेल्या प्रयोगांतून आलेले आहेत, आणि महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्या रोग्याला ते जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने आधी ट्रॅमाडॉलचा गुणक 0.1 धरला होता. 2022 च्या मार्गदर्शिकेत तो 0.2 झाला, म्हणजे त्याच गोळीचे मोल कागदोपत्री दुप्पट ठरले. मेथाडोनचे मोल तर मात्रेबरोबर बदलते, आणि त्याचा हिशेब यंत्रावर सोपवू नये असेच जाणते सांगतात. 2013 साली ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी अशी 23 ॲपे तपासली, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत वैद्यकीय व्यक्तीचा सहभाग असल्याचा उल्लेखच नव्हता, आणि एकाच प्रश्नाला निरनिराळी ॲपे निरनिराळी उत्तरे देत होती. म्हणून ज्या ॲपमध्ये गुणक कोठून घेतला ते लिहिलेले आहे आणि ज्यात वजावटीचा रकाना स्वतंत्र ठेवला आहे, तेच डॉक्टर वापरीत. जे ॲप स्वतःच काही टक्के कापून गोळाबेरीज हातात ठेवते, ते अधिक सोयीचे वाटते खरे, पण त्याच्या उत्तरात कोणती दया आधीच धरली आहे आणि कोणती धरायची राहिली आहे, हे कळावयास मार्ग उरत नाही.

सिस्टरांनी आजोबांच्या छातीवर, केस नसलेल्या जागी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेनाने तारीख व वेळ घातली. पट्टीचा गुण यायला बारा तास तरी लागतात, म्हणून तोवर लागलीच तर मॉर्फिनची दहाची गोळी अर्धी करून द्यायची. फार पेंगले, हाका मारूनही जागे होईनात, श्वास संथ झाला, तर गोळी द्यायची नाही आणि ताबडतोब फोन करायचा. पट्टीवर शेक घ्यायचा नाही, कारण उष्णतेने औषध अंगात वेगाने उतरते. पोट साफ होण्याचे औषध चुकवायचे नाही. हे सर्व त्यांनी आजींकडून दोनदा म्हणवून घेतले. मग त्यांनी वहीचे नवे पान उघडले, फूटपट्टी घेतली आणि पेन्सिलीने एक जादा रकाना आखला. “आजी, अंग पुसण्याआधी दिली तर फुली इथं मारायची, आणि पडल्यापडल्या दुखलं म्हणून दिली तर इथं.”

पट्टी तीन दिवसांची असते. आठवडा संपताना, माझ्या शेवटच्या दिवशी, आजोबा परत आले. झटके थांबले होते. ते जागे होते, आणि खोलीत एक अनोळखी माणूस कागद घेऊन बसलेला पाहून हा कोण, असे त्यांनी आजींना विचारले. सिस्टरांनी जुनी पट्टी काढली, चिकट बाजू आत येईल अशी दुमडली, कारण वापरलेल्या पट्टीतही औषध उरलेले असते, आणि नोंदवहीत ती परत आल्याची नोंद करून सही केली. डॉक्टरांनी आधी फोन उचलला नाही. त्यांनी चौकटीची वही मागितली. सकाळच्या रकान्यात दर दिवशी एक फुली होती. शेजारचा रकाना कोरा होता.