अमेरिकेतील राज्यांचे पुरोगामित्व

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ५० राज्यांच्या कायद्यांत, करपद्धतीत, आरोग्यसेवेत आणि नागरी हक्कांत मोठी तफावत आढळते. या तफावतीवरून कोणते राज्य राहण्यास अधिक पुरोगामी आहे, याची तुलना राज्यशास्त्राचे अभ्यासक, पत्रकार आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर करू इच्छिणारे नागरिक करीत असतात. मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, ओरेगन व वॉशिंग्टन ही राज्ये सामान्यतः पुरोगामी, तर मिसिसिपी, अलाबामा, टेक्सास, वायोमिंग ही पुराणमतवादी मानली जातात. ही विभागणी स्थूलमानाने बरोबर असली, तरी निकष बदलला की राज्यांचा क्रमही बदलतो. एकाच राज्याचे स्थान काळानुसार पूर्णपणे उलटल्याचीही उदाहरणे आहेत.

संज्ञेचा अर्थ

मराठीत ‘पुरोगामी’ हा शब्द प्रामुख्याने फुले, शाहू व आंबेडकर यांच्या समाजसुधारणेच्या परंपरेशी जोडला जातो. अमेरिकेतील ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाचा उगम निराळा आहे. सुमारे १८९० ते १९२० या काळात रेल्वे कंपन्या, मक्तेदारी करणारे उद्योग आणि पक्षांतील स्थानिक पुढारी यांच्या वर्चस्वाविरुद्ध जी चळवळ झाली, तिला हे नाव मिळाले. आज या शब्दात कामगारांचे हक्क, सार्वजनिक आरोग्य, गर्भपाताचा अधिकार, समलिंगी व्यक्तींचे हक्क, वर्णसमता आणि पर्यावरणरक्षण हे सर्व येते. पुष्कळदा तो डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या राज्यांसाठी समानार्थी म्हणून वापरला जातो, परंतु ते अचूक नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये जवळजवळ सर्व रहिवाशांना आरोग्यविमा मिळवून देणाऱ्या २००६ च्या कायद्यावर रिपब्लिकन राज्यपाल मिट रॉम्नी यांनी स्वाक्षरी केली होती. २०१० च्या राष्ट्रीय आरोग्यविमा कायद्याची आखणी करताना हाच कायदा नमुना म्हणून समोर होता.

राज्यांचे अधिकार

भारतात फौजदारी कायदा देशभर बहुतांशी एकच असल्याने, मराठी वाचकाला अमेरिकेतील स्थिती प्रथम चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. १७९१ मधील दहाव्या घटनादुरुस्तीनुसार जे अधिकार संघराज्य सरकारला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. त्यामुळे गुन्हे व शिक्षा, विवाह, शालेय शिक्षण, निवडणुकांची व्यवस्था असे दैनंदिन जीवनाला भिडणारे बहुतेक विषय राज्यांच्या हाती आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी १९३२ मध्ये एका भिन्नमतपत्रात राज्यांना नव्या धोरणांच्या प्रयोगशाळेची उपमा दिली.

हे प्रयोग कोणती राज्ये आधी करतात, याचा पद्धतशीर अभ्यास जॅक वॉकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ८८ धोरणे निवडून प्रत्येक राज्याने ती किती लवकर स्वीकारली हे तपासले. न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स व कॅलिफोर्निया ही राज्ये अग्रस्थानी होती आणि मिसिसिपी शेवटी. अर्धशतकानंतरही ही यादी ओळखीची वाटते, मात्र ‘लवकर स्वीकारणे’ आणि ‘पुरोगामी असणे’ या दोन गोष्टी एकच नव्हेत.

इतिहासातील स्थित्यंतरे

वायोमिंग प्रदेशाने १८६९ मध्ये, म्हणजे राज्याचा दर्जा मिळण्याच्या २१ वर्षे आधी, स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला. १९२५ मध्ये नेली टेलो रॉस याच राज्यात देशातील पहिल्या महिला राज्यपाल झाल्या. आज वायोमिंगची गणना सर्वांत पुराणमतवादी राज्यांत होते.

विस्कॉन्सिनचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९०१ मध्ये राज्यपाल झालेले रॉबर्ट ला फॉलेट हे पुरोगामी चळवळीचे प्रमुख नेते होते. विद्यापीठातील तज्ज्ञांच्या साहाय्याने कायदे करण्याची तेथील पद्धत ‘विस्कॉन्सिन कल्पना’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कामावर जखमी झालेल्या कामगारांना भरपाई व राज्याचा आयकर (१९११), देशातील पहिला बेकारी विमा कायदा (१९३२) आणि सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणारा पहिला राज्य कायदा (१९५९) हे सर्व या राज्याने केले. २०११ मध्ये राज्यपाल स्कॉट वॉकर यांच्या कारकिर्दीत त्याच राज्याने बहुसंख्य सरकारी कर्मचाऱ्यांचा हा हक्क जवळजवळ काढून घेतला.

ओरेगनने १९०२ मध्ये नागरिकांना थेट मतदानाने कायदे करण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार दिला, १९९४ च्या जनमतात असाध्य रुग्णांच्या इच्छामरणाला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये राज्यव्यापी भाडेनियंत्रण लागू केले. मात्र १८५९ मध्ये हे राज्य संघराज्यात आले, तेव्हा त्याच्या घटनेत कृष्णवर्णीयांना तेथे येऊन राहण्यास मनाई करणारे कलम होते. ते १९२६ पर्यंत कायम राहिले.

वेतन व आरोग्य

संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. अलाबामा, मिसिसिपी यांसारख्या राज्यांत राज्याचे स्वतःचे किमान वेतनच नाही. वॉशिंग्टन राज्यात ते २०२५ च्या आरंभी १६.६६ डॉलर होते, म्हणजे दुपटीहून अधिक. राहणीमानाचा खर्च जमेस धरला तरी हे अंतर पूर्णपणे भरून निघत नाही.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेचा विस्तार राज्यांना ऐच्छिक ठरवला. २०२४ अखेर ४० राज्यांनी तो स्वीकारला होता. न स्वीकारणाऱ्या दहा राज्यांत टेक्सास, फ्लोरिडा, मिसिसिपी यांच्या जोडीला एके काळचे अग्रेसर विस्कॉन्सिनही होते. २०२० मध्ये हवाईतील सरासरी आयुर्मान सुमारे ८१ वर्षे, तर मिसिसिपीतील सुमारे ७२ वर्षे होते. या फरकामागे गरिबी, आहार, वंशभेदाचा इतिहास अशी अनेक कारणे असल्याने तो केवळ धोरणांच्या माथी मारता येत नाही.

गर्भपात

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निर्णय रद्द केल्यावर राज्याराज्यांतील भेद सर्वांत तीव्र झाला. टेक्सासमध्ये गर्भवतीच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका असल्याचा अपवाद वगळता गर्भपातास बंदी आहे आणि तो करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. इलिनॉय व न्यू मेक्सिको येथे तोच उपचार कायदेशीर असल्याने स्त्रिया शेकडो मैल प्रवास करून तेथे जातात. प्रवासाचा खर्च व कामावरील रजा ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापुरता राज्याच्या सीमेचा अर्थ सर्वांत कठोर आहे.

राज्य पुराणमतवादी असले तरी तेथील मतदार प्रत्येक प्रश्नावर तसेच मत देतील असे नाही. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. ओहायो (२०२३) व मिसूरी (२०२४) येथे संरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्त्या मंजूर झाल्या. फ्लोरिडात अशा दुरुस्तीला २०२४ मध्ये सुमारे ५७ टक्के मते मिळूनही ६० टक्क्यांच्या अटीमुळे ती नामंजूर झाली. त्याच फ्लोरिडाने २०२० मध्ये किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरपर्यंत नेण्यास मान्यता दिली होती.

पुरोगामी राज्यांतील विसंगती

कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये पगारी कौटुंबिक रजेचा देशातील पहिला राज्य कायदा केला. तथापि तेथील मतदारांनी १९९६ मध्ये सरकारी नोकऱ्या व विद्यापीठ प्रवेशांत वंश किंवा लिंग पाहून दिले जाणारे प्राधान्य बंद केले, २००८ मध्ये समलिंगी विवाहाला विरोध केला आणि २०१६ मध्ये मृत्युदंड रद्द करण्यास नकार दिला. मिशिगनने मात्र राजद्रोहाचा अपवाद सोडून मृत्युदंड १८४६ च्या कायद्यानेच रद्द केला होता. घरांच्या किमती हे कॅलिफोर्नियाचे मोठे दुखणे आहे. घरखर्च लक्षात घेणाऱ्या जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार गरिबीच्या प्रमाणात हे श्रीमंत राज्य देशात वरच्या क्रमांकांत येते. वॉशिंग्टन राज्यात वर्षानुवर्षे व्यक्तिगत आयकर नव्हता. महसुलाचा मोठा भार विक्रीकरावर असल्याने, तो उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबांवर अधिक पडत आला. याउलट रिपब्लिकन युटा उत्पन्नातील विषमता कमी असलेल्या राज्यांत अग्रेसर आहे आणि विषमता सर्वाधिक असलेल्या राज्यांत न्यू यॉर्कचा समावेश होतो.

शहरे आणि राज्य सरकारे

राज्याची सरासरी शहरांबाबत फसवी ठरते. अलाबामातील बर्मिंगहॅम शहराने किमान वेतन १०.१० डॉलर करण्याचे ठरवताच राज्य विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा करून तो निर्णय निष्प्रभ केला. टेक्सासमधील ऑस्टिन व डॅलस या शहरांनी बांधकाम मजुरांना विश्रांतीची सुटी बंधनकारक केली होती. असे स्थानिक नियम मोडीत काढण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये कायदा केला.

जातिभेदाच्या प्रश्नातही पहिले पाऊल शहराने टाकले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल हे जातीवर आधारित भेदभावाला स्पष्ट बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. तो ठराव पुण्यात जन्मलेल्या नगरपरिषद सदस्या क्षमा सावंत यांनी मांडला होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच स्वरूपाचे विधेयक राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. वंशपरंपरेवर आधारित भेदभावाला राज्याच्या प्रचलित कायद्यांनी आधीच मनाई असल्याने ते अनावश्यक आहे, असे कारण त्यांनी दिले.